निळ्याच्या पोटी काळं

एवाल्डच्या पिंजऱ्यात पिलं काळी निघाली आणि एवाल्ड रागाने काळानिळा झाला.

राग येणारच. कोळसावस्तीच्या ससेपालन मंडळाचा तो तपासनीस. हे पद त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आलेलं. "निळ्या नराला निळी मादी दिली की पिलं निळीच!" असं त्याने मंडळाच्या बैठकीत बिअरचे पेले हादरतील इतक्या जोरात सांगितलं होतं. "एक जरी काळं निघालं, तर पद सोडतो!" आणि आता निळ्या, म्हणजे निळसर करड्या रंगाच्या विल्माच्या कुशीत, नुकती लव फुटलेली पिलं एकजात डांबरासारखी काळी.

"ट्राउडेल! आधी बाहेर ये!" तो कुंपणावरून गरजला. "तुझ्या त्या काळ्या बॅरनने माझ्या विल्माचं वाटोळं केलं!"

शेजारीण ट्राउडेल बटाटे सोलत होती. ती सुरीसकट बाहेर आली. "माझ्या बॅरनने? अरे, तो ताटलीपर्यंत जायला कंटाळतो, तुझं कुंपण काय ओलांडतोय! तुझ्या निळ्या नरालाच विचार की!"

"निळ्या-निळ्यातून काळं येत नाही, बाई! शास्त्र आहे हे!"

आरडाओरडा ऐकून मंडळाचे अध्यक्ष गिसबर्ट सायकल टाकून आले. बॅरनला मंडळातून काढाच, असा एवाल्डने धोशा लावला. गिसबर्टनी बॅरनला मांडीवर उताणं केलं, केस बाजूला सारले, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

"एवाल्ड, ही मादी आहे."

"शक्यच नाही! मी स्वतः तपासलाय. नियमाप्रमाणे आधी नर-मादी पाहिली, मगच कानात क्रमांक गोंदला!"

"तेच म्हणतोय मी," गिसबर्ट म्हणाले. "त्या दिवशी तू दोन भावंडं तपासलीस. नर म्हणून हे ट्राउडेलला दिलंस. मग मादी कुठे गेली?"

एवाल्डने मान वळवून आपल्या पिंजऱ्यांकडे पाहिलं. ती मादी, म्हणजे बॅरनसारखीच काळी लोटे, त्याच्याकडेच होती. तिच्या पिंजऱ्याचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा ते दुरुस्त होईपर्यंत त्याने तिला विल्माच्या सोबतीला ठेवलं होतं. विल्माला निळ्या नराकडे नेलं ते त्यानंतर.

गिसबर्टनी लोटेलाही उताणं केलं. या वेळी चष्मा वर करावा लागला नाही.

"अरे हरामखोरा!" एवाल्ड लोटेवर ओरडला. "माझंच गवत खाऊन मलाच फसवतोस? पण गिसबर्ट, माझा नियम खरा ठरला की नाही? निळ्या नराचा यात काही संबंधच नाही!"

"ठरला ना. म्हणून रंगाचं काम तुझ्याकडेच राहील."

हल्ली लोक पिलांची टोपली घेऊन आधी एवाल्डकडे येतात. तो रंगाचं सांगतो. मग तीच टोपली कुंपणापलीकडे जाते आणि ट्राउडेल एकेकाला उताणं करून नर-मादी ठरवते. "बटाटे सोलणारी बाई, ती आता ससे तपासणार!" म्हणून एवाल्ड दिवसभर चडफडतो. त्यातही त्याला खरा संताप येतो तो याचा, की तिचं अजून एकदाही चुकलेलं नाही.