अनंत बाजूंचा हौद

वर्तुळ म्हणजे अनंत बाजूंचा बहुभुज. हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की नुसता खडू सोडून दिला तरी तो आपोआप लिहील! गणितात मला हरवणारा माणूस नव्या लातूर जिल्ह्यात अजून जन्मायचा होता. आम्ही उस्मानाबादेत होतो तेव्हाही तो जन्मला नव्हता.

जिल्हा नवा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावाला जनावरांसाठी टँकर मंजूर झाला. पण पहिल्याच खेपेला, आधी कोणाची जनावरं पिणार यावरून अशी जुंपली की तहसीलदार साहेबांनी दम दिला, "पुन्हा भांडलात तर टँकर देवणीकडं वळवीन."

टँकर गेला म्हणजे जनावरं गेली. मी सभेत उठलो.

"गोल हौद बांधा. गोलाला पुढं नसतं न् मागं नसतं. मग भांडण कशावरून होणार?"

नागप्पा गवंडी म्हणाला, "गुरुजी, शाबादी फरश्या हायत. त्या वाकत न्हाईत. सिमिट बी सांध्यापुरतंच हाय."

"वाकवायच्या कशाला? उभ्या लावत चल. बाजू वाढल्या की गोल होतोच."

यंदा पीक नव्हतंच, म्हणून गावाचं मोठं खळं रिकामं होतं. त्याच्या मधोमध काम सुरू झालं. नागप्पानं आठ फरश्या मांडल्या आणि अण्णारावांनी एकीवर गेरूनं आपलं नाव घातलं. "ही बाजू माझी. माझे बैल हितंच पितील."

झालं! ज्याला त्याला बाजू हवी. सरजाबाईची एकुलती एक म्हैस, पण तीही हटेना. "माझ्या म्हशीला तोंड न्हाई व्हय?"

दुसरा कोणी घाबरला असता. मी खूश झालो. "नागप्पा, फरश्या उभ्या चीर. बाजू वाढव."

मग आमच्या भीमनगरानंही बाजू मागितली. एरवी पाण्यापाशी आमचा नंबर शेवटी. पण अनंतात सगळ्यांना जागा असते, नको म्हणणार कोण? आमच्या घरांची नावं गेरूत उमटली तेव्हा माझी छाती सदऱ्यात मावेना. गणितानं एवढं केलं होतं.

पट्ट्या अरुंद होत गेल्या, हौद गोल होत गेला. सरजाबाईच्या बाजूला म्हशीची एकच नाकपुडी मावत होती, एवढाच दोष. नागप्पा मात्र सिमिटाच्या रिकाम्या पोत्याकडं बघत राहिला होता.

टँकर आला. हौद काठोकाठ भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी नमस्कार केला आणि तेवढ्यात सगळे सांधे एकदम गळू लागले.

"बुजवा लवकर," मी ओरडलो.

अण्णाराव जागचे हलले नाहीत. "फरशी माझी हाय. सांधा सरजाबाईचा हाय."

"वा रं वा! सांधा तुमच्या अंगाला हाय. म्या का बुजवू?"

खरंच की! प्रत्येक सांध्याला दोन मालक होते आणि बुजवणारा एकही नव्हता. जितक्या बाजू तितके सांधे, हे मी पोरांना शिकवतो. गावाला सांगायचं राहिलं होतं. मी धोतराचा सोगा फाडून बोळे कोंबत सुटलो. एक बुजवावा तर शेजारचा हसायचा. बघता बघता हौद कोरडा आणि खळं भरलेलं. शेणानं सारवलेली, मधे जराशी खोलगट जमीन. पाणी तिथंच थांबलं. जनावरांनी दावी तोडली. अण्णारावांचे बैल, सरजाबाईची म्हैस, भीमनगरच्या गाई, सगळी एका रांगेत वाकून पिऊ लागली. कोणाचं नाव कुठं होतं ते कोणाला आठवेना.

नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली. ते खाली उतरले, बघतच राहिले.

"वा! भांडण नाही, ढकलाढकली नाही. टँकर इथंच चालू राहील. कल्पना कोणाची?"

"माझीच," मी फाटकं धोतर सावरत पुढं झालो.

"शाबास, गुरुजी. फक्त मधे ते फरश्यांचं काय उभं केलंय, तेवढं काढून टाका. जनावरांना अडचण होते."