व्याह्याच्या कपाटात

"चला, खोली दाखवते. पाचच मिनिटं लागतील," असं हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, तेव्हा आदेरितो किंतेलानं मुकाट्यानं मान हलवली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मुकाट्यानं काही करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"मला खोली दाखवणार?" तो हसून म्हणाला. "मुली, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून मी या इमारतीत वावरतोय. कोपरा न् कोपरा पाठ आहे मला. तूच चल, मी तुला दाखवतो!"

मुलीनं निमूटपणे चाव्या दिल्या.

एका अर्थी आदेरितो खरंच बोलत होता. पोर्तो शहरातलं हे हॉटेल म्हणजे पूर्वीचं मोठं पोस्ट, आणि तिथे त्यानं चाळीस वर्षं नोकरी केली होती. तो निवृत्त झाला, पोस्ट दुसरीकडे हललं, आणि दोन वर्षं धूळ उडवून कुणीतरी त्याचं नव्या धर्तीचं हॉटेल केलं. बाहेरचा दगड तेवढा जुना. आत जिथे टपालाची वर्गवारी चालायची, तिथे आता जेवणघर होतं आणि त्याच्या भिंतींना गिलावाच नव्हता. (पैसे संपले असावेत, असं आदेरितोला वाटलं. "बाबा, ही फॅशन आहे," त्याची मुलगी म्हणाली.)

ही मुलगी म्हणजे मफाल्दा, एकुलती एक. तिचं लग्न लिस्बनच्या तोमाशशी ठरत होतं, आणि दोन्हीकडच्या आईवडिलांची पहिली भेट याच हॉटेलात व्हायची होती. रात्री आठला जेवण, रात्री मुक्काम, सकाळी साखरपुड्याची तारीख. येताना गाडीत तिनं हात जोडले होते. "बाबा, दोनच दिवस. जसा आहेस तसाच राहा. काही वाढवून सांगू नकोस."

"मी कधी वाढवून सांगतो?" आदेरितोनं विचारलं. त्यावर त्याची बायको दिओलिंदा खिडकीबाहेर बघत राहिली.

आणि काउंटरपाशीच व्याही भेटले. सेन्योर बाल्ताझार, पेशानं इंजिनिअर, सहा फूट उंच, पांढरी शुभ्र मिशी. शेजारी दोना ओदेत, कमी बोलणाऱ्या आणि बारीक नजरेच्या. आदेरितोचं 'कोपरा न् कोपरा पाठ आहे' त्यांच्या कानावर पडलं होतं.

"म्हणजे तुम्ही इथल्या पोस्टातच होता?" इंजिनिअरसाहेबांनी विचारलं. "संचालक?"

आता इथे 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण सहा फुटांचा इंजिनिअर वरून बघत असताना पाच फूट तीन इंचांच्या माणसाला खरं बोलायला जरा उसंत लागते. आदेरितो खाकरला. छाती पुढे काढली. "तसंच काहीसं," तो म्हणाला.

दिओलिंदानं कोटाच्या आडून त्याला असा चिमटा काढला की संचालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. (तो तळघरात होता. अपुऱ्या पत्त्याची पत्रं ज्या खोलीत येतात तिथला कारकून. चाळीस वर्षांत वर यायचा तो पगाराच्या दिवशी.)

पाच वाजता मायलेकी केस करून घ्यायला बाहेर पडल्या. व्याही नदीवर फिरायला गेले. आदेरितो खोलीत एकटा उरला आणि त्याला अंघोळ करायची होती.

खोलीला न्हाणीघरच नव्हतं.

पांढऱ्या भिंती, मधोमध पलंग, बस. ना कडी, ना मूठ, ना बटण. मग त्याच्या ध्यानात आलं की भिंतीच दाबायच्या असतात. त्यानं एक भिंत दाबली. इस्त्रीची फळी पायावर पडली. दुसरी दाबली, तर पडदे खाली आले आणि छत जांभळं झालं. तिसरीकडून बाटल्यांचं थंडगार फडताळ निघालं. काउंटरवर फोन करावा असं एकदा त्याच्या मनात आलं. पण काय सांगणार? कोपरा न् कोपरा पाठ असलेल्या माणसाला न्हाणीघर सापडत नाही?

अखेर चौथ्या भिंतीमागे ते सापडलं. आत नळ नव्हता. आदेरितोनं कपडे काढले, आपला एकुलता एक चांगला सूट नीट घडी घालून कोपऱ्यातल्या दगडी स्टुलावर ठेवला आणि नळ शोधायला भिंतीवरून हात फिरवला. त्याबरोबर छतातून धो धो पाणी आलं. आदेरितोवर नाही, स्टुलावर. तो सूट वाचवायला धावला, तसा तोही भिजला. पाण्याखालून बाजूला झाला तसं ते आपसूक थांबलं.

अंघोळ झाली म्हणायला हरकत नव्हती. सूटचीही झाली होती.

कमरेला टॉवेल गुंडाळून, दात वाजवत, आदेरितोनं भिंत दाबली आणि खोलीत आला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या न्हाणीघराला दोन दारं होती, कारण कोपऱ्यातल्या दोन खोल्यांना मिळून ते एकच होतं. अंघोळीला गेलात की पलीकडचं दार आतून बंद करा, हे सांगायलाच ती मुलगी पाच मिनिटं मागत होती.

खोली तशीच होती, फक्त उलटी. पलंगाचं डोकं उजवीकडे होतं ते डावीकडे गेलं होतं. 'फिरत असेल,' आदेरितोनं मनाशी म्हटलं. जिथे छत जांभळं होतं तिथे पलंग फिरायला काय हरकत आहे? पण भिंतीतलं कपाट उघडं होतं आणि त्यात एक सूट टांगलेला होता. करडा, नवाकोरा, अंगाला लावला तर लोण्यासारखा.

आदेरितोनं तो छातीशी धरला. दिओलिंदा! आठवडाभर तो जुन्या सूटबद्दल कुरकुरत होता आणि ती नुसतं 'हूं' म्हणत होती. गुपचूप नवा शिवून आणला हिनं! चौतीस वर्षांच्या संसारात आपण या बाईला काय दिलं? त्यानं डोळे पुसले आणि सूट चढवला. बाह्या बोटांच्या खाली गेल्या, विजारीची टोकं जमिनीवर लोळली. चौतीस वर्षांत हिला माप काही कळलं नाही, असंही वाटलं, पण ते त्यानं मनातच माफ केलं. टेबलावर अंड्याच्या बलकाच्या मिठाईची पेटी होती. तीही आपल्यासाठीच, हे उघड होतं. त्यानं एक खाल्ली. मग दोन. चौथी तोंडात असताना कॉरिडॉरमधून आवाज आला.

"चावी कुठल्या बाजूनं लावायची गं, ओदेत?"

पाचवी उचलता उचलता आदेरितो थांबला. आवाज इंजिनिअरसाहेबांचा होता. त्यानं खोलीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, लोंबणाऱ्या बाह्यांकडे पाहिलं, आणि सगळं एकदम उमगलं. न्हाणीघराची भिंत कुठली? समोरची? डावीकडची? दाबून बघायला वेळ नव्हता. उघडं होतं ते कपाट. तो आत शिरला आणि दार ओढून घेतलं.

धरणीनं पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात. आदेरितोला कपाटानं घेतलं होतं, आणि तेवढ्यानं भागत नव्हतं.

"पाय दुखले," बाहेर दोना ओदेत म्हणाल्या. पलंग करकरला.

"बस जरा. मी रात्रीचं बोलायचं एकदा म्हणून बघतो. चुकलो तर सांग." इंजिनिअरसाहेब खाकरले. "संचालकसाहेब, आज मी तुमचे उपकार मानायला उभा आहे."

कपाटात आदेरितोनं डोळे मिटले.

"मी दहा वर्षांचा होतो. माझे वडील फ्रान्सला गवंडीकामाला गेले. अक्षरओळख जेमतेम. त्या हिवाळ्यात आमच्या घराचं छत कोसळलं आणि आई आम्हाला घेऊन मावशीकडे गेली. चार महिने वडिलांचं पत्र नाही. आईनं काळे कपडे घालायला सुरुवात केली. आणि एक दिवस पत्र आलं. पाकिटावर काय लिहिलं होतं? 'मारियाला, जिच्या दारात अंजिराची दोन झाडं आहेत, नदीपलीकडे.' बस, एवढंच. आणि मागे कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तिसरा प्रयत्न. या खेपेला बहुतेक बरोबर.' साहेब, ते पत्र तुमच्या या इमारतीतून आलं. तुमच्या हाताखालच्या कुणा कारकुनानं आमची आई शोधून काढली. त्याचं नाव मला माहीत नाही. तो भेटला तर..." आवाज थांबला. "इथे नेहमी रडू येतं, ओदेत."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "आता कपडे बदल."

पावलं कपाटाकडे आली. आदेरितोला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल, झटका वगैरे येईल आणि सुटू. पण अशा वेळी प्रकृती ठणठणीत असते. दार उघडलं.

इंजिनिअरसाहेब आपल्या सूटकडे बघत राहिले. सूटमध्ये व्याही होते. अनवाणी, केस ओले, मिशीला पिवळा बलक.

"शुभ संध्याकाळ," आदेरितो म्हणाला.

"बाल्ताझार," पलंगावरून दोना ओदेत शांतपणे म्हणाल्या, "तुझा सूट बोलतोय."

मग आदेरितो जे बोलायला लागला ते त्याला थांबवता येईना. न्हाणीघर, स्टूल, पाणी, टॉवेल, मिठाई. "चार खाल्ल्या," तो म्हणाला, "पाचवी हातात आहे." त्यानं ती खरोखरच पेटीत परत ठेवली. "आणि मी संचालक नव्हतो हो. कधीच नव्हतो. तळघरात होतो, त्याच खोलीत. अपुऱ्या पत्त्यांच्या. मला लाज वाटली सांगायला. आता कशाची वाटते ते विचारू नका."

 इंजिनिअरसाहेबांनी आपल्या खिशातून पत्राचं एक जुनं, घडीवर झिजलेलं पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"म्हणजे हे तुम्ही?" ते म्हणाले.  "पहा ना. तुमचं अक्षर आहे?"

आदेरितोनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं. पेन्सिलीच्या त्या पुसट ओळी त्यानं दोनदा वाचल्या. सहा फुटांचा माणूस दहा वर्षांच्या पोरासारखा त्याच्याकडे बघत होता. एकच शब्द हवा होता, 'हो'. मुलीचं लग्न, सूट, मिठाई, सगळं त्या एका शब्दात धुऊन निघालं असतं.

पण ते उजवीकडे कललेलं, शेपटी ओढलेलं अक्षर त्यानं अंधारातही ओळखलं असतं.

"सेराफिम," तो म्हणाला. "माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. तीस वर्षं मी त्याच्याशी भांडलो. एकेका पत्रावर दिवस दिवस घालवायचा तो. मी त्याला आळशी म्हणायचो. साहेबांकडे तक्रारही केली होती एकदा." त्यानं पाकीट परत दिलं. "मी दोन प्रयत्न करायचो. मग शिक्का मारून टाकायचो. हे माझ्या टेबलावर आलं असतं, तर तुमच्या आईला मिळालं नसतं."

"कुठे असतात ते?"

"गेला. तीन वर्षं झाली. मी अंत्ययात्रेलाही उशिरा पोचलो."

आदेरितो सूटची बटणं काढू लागला. बाल्ताझारनी त्याचा हात धरला आणि ती परत लावली. "राहू द्या," ते म्हणाले. "तुमचा भिजलाय ना." आणि त्यांनी खाली वाकून त्याच्या विजारीची टोकं दुमडायला घेतली. लिस्बनचा इंजिनिअर, गुडघ्यावर! आदेरितोला कपाटात वाटली नव्हती एवढी लाज आता वाटली. दोना ओदेतनी रुमाल पुढे केला. "मिशी पुसा," त्या म्हणाल्या. "मिठाई तुमच्या बायकोसाठी होती. कशी आहे?"

"गोड," आदेरितो म्हणाला आणि रडला.

आठ वाजता सगळे जेवायला जमले. नवऱ्याला व्याह्याच्या सूटमध्ये आणि व्याह्याला जुन्या स्वेटरमध्ये पाहून दिओलिंदानं तोंड उघडलं. दोना ओदेतनी तिच्या कानात सांगितलं, बराच वेळ सांगितलं. दिओलिंदाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग तिनं बशीतला मासा बारकाईनं बघायला सुरुवात केली. मफाल्दा नखं चावत होती. तोमाशला काहीच कळत नव्हतं.

बाल्ताझार उठले. त्यांनी सेराफिमच्या नावानं ग्लास उंचावला आणि सगळी गोष्ट सांगितली, कपाट वगळून. मग म्हणाले, "आणि आमच्या व्याह्यांचे आभार. त्यांनी आज मला त्याचं नाव सांगितलं. दुसरा कुणी असता तर स्वतःचं सांगितलं असतं."

मफाल्दा उठून बापाच्या गळ्यात पडली. आदेरितोच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. चारचौघांत हुंदका नको म्हणून तो "तोंड धुऊन येतो" असं पुटपुटला आणि समोरच्या भिंतीकडे गेला. त्यानं ती दाबली. उघडली नाही. जरा डावीकडे दाबली. मग खांदा लावला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी काटे खाली ठेवले.

"मदतीला जाऊ का?" बाल्ताझार उठू लागले. "ती नुसती भिंत आहे."

"बसा हो तुम्ही," दिओलिंदा म्हणाली. "चाळीस वर्षं शोधायचाच पगार घेतलाय त्यानं."

"मग सापडेल."

"छे," दिओलिंदानं माशाचा काटा बाजूला काढला. "सापडायचं ते सेराफिमला."