अप्पांच्या करियाचे दहा दिवस

शिवअप्पांना वय विचारलं की ते बोटांवर कुत्री मोजत.

हे मला कळलं ते मोजदादीमुळं. निजाम सरकारचे दिवस होते. मी लोहाऱ्याच्या कचेरीत आकडे मांडणारा कारकून, आणि त्या साली सरकारनं घरोघर फिरून माणसं आणि जनावरं मोजायला लावली होती. अप्पांचा करडीच्या तेलाचा घाणा आमच्या घरापासून तिसऱ्या दाराशी, म्हणून सुरुवात तिथूनच केली. नाव लिहिलं, धंदा लिहिला आणि वय विचारलं. अप्पांनी ओट्यावर मांडी घातली, डोळे मिटले आणि सांगायला लागले.

"पहिलं कुत्रं आलं तवा म्या सात वर्सांचा. ते अकरा वर्सं जगलं. दुसरं नऊ. तिसऱ्याला सापाचं पान लागलं, ते सहातच गेलं. चवथं बारा. पाचवं धा. आन् हा करिया आता तीन. करा बेरीज, मुनशीजी."

बेरीज अठ्ठावन्न आली. मी ती दोनदा केली. मधे एखादं वर्ष कुत्र्यावाचून गेलं असेल तर तेही धरायला हवं, असं मी म्हणालो. अप्पांनी डोळे उघडले.

"एक बी दिवस न्हाय."

बाकीचा काळही ते असाच मोजत. गावातला प्लेग दुसऱ्या कुत्र्याच्या वेळचा, घाण्याची लाकडी लाट बदलली ती पाचव्याच्या. बायको गेली तेव्हा चौथं कुत्रं सात वर्षांचं होतं. म्हणजे अप्पा चाळीस वर्षांचे, हा हिशेब माझा. मूलबाळ नव्हतं. तक्त्यात बैलांना रकाना होता, रेड्यांना होता, शेळ्यांनाही होता, कुत्र्याला नव्हता. अप्पांना हे पटलं नाही. राखायचा माल तेवढा मोजता आणि राखणारा सोडता, ही कसली मोजदाद, असं त्यांनी मला विचारलं. मी वरच्या हुकुमावर बोट ठेवलं.

कुत्रं पाळण्याचे अप्पांचे नियम होते, आणि प्रत्येक नियमाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असे : "माणसाचं चालतंय, कुत्र्याचं तसं न्हाय." माणूस शिळं पाणी पिईल, कुत्र्याचं तसं न्हाय, म्हणून मातीच्या परळातलं पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. गोचीड उपटायचा नाही. आधी करंजाचं तेल लावायचं, मग तो हळूच धरून काढायचा. आंघोळ ऊन चढल्यावर, आणि आंघोळीनंतर कानात कोरडं फडकं. सणाला पुरणपोळी कितीही उरली तरी कुत्र्याला द्यायची नाही. चैत्र-वैशाखात बाहेर न्यायच्या आधी ते वाकून रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून बघत. चटका बसला की म्हणत, आता कुत्र्याला न्यायचं न्हाय, तळवे भाजतात. ते स्वतः त्याच रस्त्यानं अनवाणी आलेले असत.

कुत्र्याशी ते फक्त कानडीत बोलत. "बा इल्लि" म्हणजे इकडं ये, "सुम्निरु" म्हणजे गप्प बस. कारण विचारलं तर सांगत, मराठी सगळं गाव बोलतंय, कुणी बी हाक मारली तर कुत्रं जाईल, उर्दू सरकारची, राहिली कानडी. अर्ध्या गावाला कानडी येत होती, हे मी त्यांच्या नजरेस आणलं. ते म्हणाले, येत असंल, पण माझ्यासारखं न्हाय.

नव्या माणसानं कुत्र्याच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही, असाही एक नियम होता. आधी तिरकं बसायचं, मूठ पुढं करायची, कुत्र्याला हुंगू द्यायची, मग घरात यायचं. एकदा महसुलाचे गिरदावर तपासणीला आले. अंगात शेरवानी, डोक्यावर फेज टोपी. अप्पांनी त्यांनाही दारात उकिडवं बसवलं. गिरदावर मूठ पुढं करून बसले आणि करिया सावकाश हुंगत राहिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अप्पा शेजारून म्हणत होते, घाई करू नका साहेब, त्याला बघू द्या.

एकाच बाबतीत अप्पा अडत. गळ्यात लिंग, घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. कुत्र्याला हाड द्यायचं कुठून? करिया ताकातल्या भाकरीवर वाढला आणि दातांसाठी बाभळीचं लाकूड चावत राहिला. पण परसाच्या भिंतीपलीकडं कासीमभाई पिंजाऱ्याचं घर होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी करिया भिंत ओलांडून जाई आणि तृप्त होऊन परत येई. अप्पा नेमके त्या वेळी देवळात असत. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे गावात कुणी विचारलं नाही.

आता मोजदादीच्या त्या सकाळकडं येतो. अप्पांचं वय लिहून मी घाण्याचे बैल मोजायला मागं गेलो. बैल दोनच होते, पण तक्त्यात रंग, शिंगं आणि दात असं सगळं हवं होतं. दोन्ही बैल नीट दिसावेत म्हणून मी तक्ता बघत एकेक पाऊल मागं सरकत होतो. मागं करिया जेवत होता. माझी टाच त्याच्या शेपटीवर पडली. त्यानं भुंकण्यात वेळ घालवला नाही. पोटरीला दोन दात खोल लागले, दोन वरवर.

चूक सर्वस्वी माझी होती. पण महिन्याभरापूर्वी माकणीच्या वाटेनं एक पिसाळलेलं कुत्रं गावातून गेलं होतं, आणि त्यानं कुणाकुणाला गाठलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी बायकोनं जखमेत भरायला तिखट आणि चुना काढून ठेवला. मागोमाग अप्पा आले आणि दोन्ही वाट्या बाजूला सारल्या. "तिखट भाजीत घाला, अक्का," म्हणाले. मग त्यांनी मला नहाणीत बसवलं आणि साबण लावून अकरा कळशा पाणी पायावर ओतलं. अकरा मी मोजल्या. नंतर बायकोनं मला सात विहिरींत डोकावायला नेलं; कुत्रं चावल्यावर तसं करतात. सहावी विहीर कोरडी निघाली. कोरडी विहीर धरायची की नाही यावर आमचा वाद झाला आणि शेवटी आम्ही आठ पाहिल्या.

दुपारी मोटारीनं उमरग्याला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, सुया सोलापुरात मिळतात, पोटात चौदा. कुत्रं पाळीव असेल तर दहा दिवस बांधून ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं तर तुम्हाला भय नाही. त्याच्या खाण्यापिण्यात, वागण्यात तसूभर फरक दिसला तर त्याच दिवशी सोलापूर गाठा. कुत्रं मारू मात्र नका, मारलंत तर कळणार काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी पोलीस पाटील दोन काठीवाले घेऊन अप्पांच्या दारात उभे राहिले. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. पाटलांनी ते ऐकून घेतलं, काठीवाल्यांना थांबवलं, पण जाताना बोलायचं ते बोललेच.

"अप्पा, कुत्रं तुमचं आन् पाय मुनशीचा. दुसऱ्याच्या जिवावर धा दिवस थांबायला कुणाचं काय जातंय?"

अप्पा वळून आत गेले.

त्या दिवसापासून रोज सकाळी कचेरीच्या आधी मी अप्पांकडं जाऊ लागलो. करिया साखळीला. अप्पा परळात ताजं पाणी ओतत, करिया पिई. मग ते मला तांब्या देत; मी पिई. पिसाळलेलं पाण्याला भितं, म्हणून दोघांचीही परीक्षा. नंतर ते करियाचं नाक, डोळे, जीभ बघत आणि पुढं सरकून माझीही बघत. एकदा म्हणाले, तुमची जीभ पांढरी हाय, कुत्र्याची बरी हाय.

दहा दिवस मोजायचे कसे, यावरही एकमत नव्हतं. बायको तिथीनं मोजत होती आणि त्या पंधरवड्यात एक तिथी गळाली होती, त्यामुळं तिचे दहा माझ्याआधी संपणार होते. अप्पा चावल्याचा दिवसही धरत. मी तो धरत नव्हतो, कारण चोवीस तास भरल्याशिवाय दिवस होत नाही. चावलं माझ्या पायाला होतं, म्हणून माझी मोजणी कायम झाली.

सातव्या दिवशी बकरीद होती. आठव्या दिवशी सकाळी करियानं भाकरीला तोंड लावलं नाही.

अप्पांनी परळ पुढं सारला. त्यानं पाणी हुंगलं आणि मान फिरवली. तो पाय ताणून पडून राहिला. डोळे जड. अप्पांनी तीनदा हाक मारली. शेपटी एकदाच हलली. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. मी घरी आलो, बायकोला सांगितलं आणि दोन धोतरं बांधून घेतली. तिनं रडत रडत भाकऱ्या बांधल्या.

मोटारीच्या थांब्यावर पोचलो तर अप्पा माझ्याआधी येऊन बसलेले. धुतलेलं धोतर, काखेत वळकटी. मला वाटलं, निरोप द्यायला आले असतील. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता.

मोटार दिसू लागली तेवढ्यात गावाकडून कासीमभाई धापा टाकत आले. हातात साखळी, साखळीला करिया, आणि करियाच्या तोंडातून पाणी गळत होतं. मी दोन पावलं मागं सरलो.

"डरू नका मुनशीजी, आत्ता हौदावर पाणी पिऊन आलाय," ते म्हणाले. मग अप्पांच्या पायांकडं बघत बोलले, "अप्पा, गुन्हा माझा हाय. काल ईद. पोरगं आठ दिवस साखळीला, मला बघवंना. भिंतीवरून दिलं. चांगलं शेर-दीड शेर झालं असंल. तुमच्या घरात ते नाव कसं काढावं म्हणून सकाळपासनं गप बसलो."

म्हणजे करिया आजारी नव्हता. त्याला अजीर्ण झालं होतं. अप्पांना राग येईल असं मला वाटलं. अप्पांनी करियाचं नाक चाचपलं, पोट दाबून बघितलं, आणि कासीमभाईंना एवढंच विचारलं की हाड मोठं होतं ना, बारीक हाड घशात अडकतं. कासीमभाई म्हणाले, मोठंच होतं. अप्पा म्हणाले, मग ठीक.

करिया आमच्या समोर अप्पांच्या तांब्यातलं पाणी पुन्हा प्यायला. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. मी हिशेब केला : खाण्यात फरक पडला, पण फरकाचं कारण सापडलं. मी मोटार जाऊ दिली.

कासीमभाई करियाला घेऊन पुढं चालू लागले. आम्ही दोघं मागं. अप्पांच्या वळकटीत धोतरं आणि घोंगडं होतं, पंधरा दिवस पुरेल असं. सोबतीला येणार होता का, असं मी विचारलं.

"सोबतीला न्हाय. मला बी सुयाच घ्यायच्या व्हत्या."

त्यांनी उजव्या हाताचं उपरणं सोडलं. गेले आठ दिवस ते हाताला उपरणं गुंडाळून बसत होते. मी कळशा मोजल्या, विहिरी मोजल्या, दिवस मोजले. त्या हाताबद्दल काही विचारलं नव्हतं. अंगठ्याच्या खाली दोन खुणा होत्या.

"पाटील बोलून गेला आन् म्या आत गेलो," अप्पा म्हणाले. "जेवताना त्याच्या तोंडातनं भाकरी काढून घेतली. त्यानं हात चाटला. पुन्ना काढली, पुन्ना चाटला. लई येळ गेला. शेवटी शेपटी धरली तवा कुठं दात लागला. मग तुमच्याएवढंच पाणी ओतलं. अकरा कळशा."

असा वेडेपणा कशासाठी, असं मी विचारलं. आता माझा आवाज चढला होता. कुत्रं गेलं असतं तर दुसरं आणता आलं असतं. आजवर सहा झालीच होती. त्यांच्या घराचं दार आलं तेव्हा अप्पा थांबले.

"मुनशीजी, म्या देवळातनं येतो. कुलूप काढतो. कुलूप काढताना आतनं कायतरी हललं पायजे. न्हायतर ते घर कुणाचं? पण त्यापायी तुमचा जीव टांगायचा मला काय हक?"

त्यांनी दार उघडलं आणि आत गेले.

दहावा दिवस शनिवारी भरला. करिया भाकरी खाऊन, पाणी पिऊन ठणठणीत होता. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. मी मात्र रात्री पडल्या पडल्या पुन्हा हिशेब केला. मला चावलं बुधवारी. अप्पांना चावलं गुरुवारी.

रविवारी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. अप्पा परळ घेऊन बाहेर आले आणि मला बघून थबकले.

"तुमचे झाले की धा."

"तुमचा एक राहिलाय," मी म्हणालो.

त्यांनी परळ खाली ठेवला. करिया लपलप पाणी पिऊ लागला. मी तांब्या भरून अप्पांच्या हातात दिला आणि ते पीत असताना बघत बसलो. नाक बघितलं, जीभ बघायला सांगितली. त्यांनी मुकाट्यानं जीभ दाखवली.