तीनशे चौसष्टावा दिवस

डोकं चालवण्यात अख्ख्या कारखान्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता! बढाई नाही, बायकोलाही मान्य होतं. तेव्हा.

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. दाराशी फळा: 'अपघाताविना दिवस – ३६४'. साहेबांचा शब्द होता, ३६५ भरले की आम्ही बाराही कंत्राटी कामगार कायम! त्यात माझे सासरे, म्हणजे मामा. एकोणीस वर्षं कंत्राटी!

सकाळी अकराला कटिंग मशीनने मामांच्या करंगळीचं पेर उडवलं.

"जावईबापू, बोलू नका कुणाला," मामा ओठ दाताखाली दाबत म्हणाले.

"मामा, दवाखान्यात चला!"

"एकोणीस वर्षं काढली. एक दिवस नाही का काढणार?"

मी करंगळीला पॅकिंगची टेप गुंडाळली, वर हातमोजा चढवला. एकट्याच्याच हातात मोजे दिसले तर संशय येईल, म्हणून बाराही जणांना घालायला लावले. काय ते डोकं!

साहेब फेरीवर आले आणि मोजे बघून बोहल्यावरच्या नवरदेवासारखे फुलले. "वा! न सांगता सुरक्षा! फोटो पाहिजे! सगळ्यांनी हात वर!"

हात वर गेले. मामांच्या मोज्यातून ओघळ निघाला, कोपरापर्यंत आला आणि तिथून थेट साहेबांच्या पांढऱ्या बुटावर.

बुटाकडे बघत साहेब म्हणाले, "क्लोज, बट नो सिगार!"

हे ते रोज कुणाला तरी ऐकवायचे. अर्थ सुपरवायझरने सांगितला होता: पूर्वी तिकडे अमेरिकेत म्हणे जत्रेत नेम लागला की सिगार बक्षीस मिळायची. थोडक्यात हुकला की नुसतं हे वाक्य. वाक्य फुकट असतं ना, वाटा हवं तेवढं!

फळ्यावर शून्य चढलं.

दवाखान्यात मी मामांची भरपाई मागितली. साहेब म्हणाले, "कंत्राटी माणसाला लागलं तर कंपनी तो अपघात धरत नाही."

"धरत नाही? मग अपघात झालाच नाही! मग उद्या तीनशे पासष्ट!"

साहेब भरपाई जास्त की कायम करणं, याचं मनातल्या मनात वजन करत असावेत. "मुद्दा बरोबर आहे तुमचा."

दुसऱ्या दिवशी अकरा जण कायम झाले, मामांसकट. बाराव्याला, म्हणजे मला, काढून टाकलं. कारण, अपघात लपवला!

"कुठला अपघात, साहेब? झालाच नाही ना?"

"नाहीच झाला. पण तुम्ही लपवलात की!"

हल्ली मामा रविवारी येतात. करंगळी जपत कप धरतात आणि मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात लेकीला विचारतात, "हे दिवसभर करतात तरी काय गं?"