दिल्ली चार, कॅनबेरा एकतीस

दिल्लीत थंडी पडली की भिवंडीतले हमीदभाई माझ्याशी भांडायला यायचे.

माझा आणि दिल्लीच्या थंडीचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारायचो. पण मी शाळेत भूगोल शिकवतो, एवढा गुन्हा त्यांना पुरेसा होता. सकाळी मी गॅलरीत दात घासत उभा असलो की खालून हाक यायची, "मास्तर! दिल्ली चार, कॅनबेरा एकतीस! ही काय शराफत हाय?"

तोंडात फेस असताना माणूस काय उत्तर देणार? आणि दिलं तरी ऐकतंय कोण?

हमीदभाई माझे शेजारी. बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, त्यालाच लागून घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी नसीम लग्न होऊन ऑस्ट्रेलियात, राजधानीच्या गावी, कॅनबेराला. इतरांच्या कारखान्यांबाहेर 'कारीगर पाहिजे' अशी पाटी असते. यांच्या दारावर फळा, आणि त्यावर रोज खडूनं दोन राजधान्यांचं तापमान. दिल्लीचं रेडिओच्या बातम्यांतून. कॅनबेराचं शॉर्टवेव्हवरच्या खरखरीतून. इंग्रजी कळायचं नाही, पण 'कॅनबेरा' आणि पुढचा आकडा एवढं ते बरोबर पकडायचे.

दिल्ली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मग तुलनेला दिल्लीच का? तर नसीमच्या लग्नात त्यांचे व्याही चारचौघांत म्हणाले होते, "आमचा मुलगा राजधानीत राहतो." झालं! ते जे लागलं ते लागलं. "त्यांना राजधानी हाय, मग आपल्याला न्हाय? मुलीकडचे म्हणून काय आम्ही रस्त्यावर पडलो?" तेव्हापासून माहेरची बाजू दिल्लीनं लढवायची असं ठरलं. त्यापेक्षा सरळ भिवंडीचं तापमान लिहा की, असं मी एकदा सुचवलं. माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मास्तर, सोयरीक हाय. बरोबरीनंच बोलायचं असतं."

बरं, दिल्लीवर तरी प्रेम असावं? नाव नको. हवा कोरडी झाली की लूमवर ताण्याचे उभे धागे पटापट तुटतात, म्हणून कारखान्यात जमिनीवर पाणी मारतात. हमीदभाई जगातली सगळी गावं त्याच मापानं मोजायचे. "दिल्लीच्या मे महिन्यात ताणा दुपारपर्यंत टिकणार न्हाय. असल्या गावात सरकार बसवलंय! आणि कॅनबेरा? समुद्र लांब, हवा सुकी, थंडीत गवतावर बर्फ. कुठल्या अकलेनं राजधानी केली?" शेवटी दोन्ही राजधान्या भिवंडीपुढे कुचकामी ठरायच्या आणि ते पाणी मारायला आत जायचे.

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे पटवायला मी एकदा मोसंबी आणि टॉर्च घेऊन बसलो. मोसंबी कलती धरली, टॉर्चभोवती फिरवली, घाम फुटला मला. हमीदभाई शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे सूरज एकाच वक्ताला दोघांना सारखं देत न्हाय. बाप होऊन दुजाभाव!" आणि माझ्या हातातली पृथ्वी घेऊन सोलून खाल्ली. वर मलाच दोन फोडी दिल्या.

नसीमची पत्रं मी वाचून दाखवायचो. त्यांना उर्दू वाचता यायचं, पण ती आमच्या मराठी शाळेत शिकलेली, लिहायची मराठीत. माझीच विद्यार्थिनी. भूगोलात वर्गात पहिली. एका मार्चमध्ये पत्र आलं, 'अब्बा, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सानियाला घेऊन येतोय.' सानिया म्हणजे नात, दोन वर्षांची, यांनी फोटोतच पाहिलेली.

"कधी म्हंजे, मास्तर?"

"कधी म्हणजे काय? मेमध्ये," मी छातीठोकपणे सांगितलं.

त्या मे महिन्यात हमीदभाईंनी मोहल्ल्याला वेड लावलं. कूलर आणला. हापूसच्या पेट्या आणल्या. आणि नातीला दुपारी झोप लागावी म्हणून दोन ते चार बारा लूम बंद! भिवंडीत भर दुपारी लूम थांबले की लोकांना वाटतं लाईट गेली. माणसं बाहेर येऊन तारांकडे बघायची. "सराव करतोय," हमीदभाई सांगायचे.

मे गेला. आंबे वाटून संपले. जून गेला. कोणी आलं नाही.

हमीदभाईंनी फळ्यावरचं कॅनबेरा पुसून टाकलं. त्यानंतर नसीमची तीन पत्रं आली, तिन्ही त्यांनी बंदच ठेवली. "वाचायची न्हाईत. बापाला उन्हात बसवून ठेवलं तिनं. ही काय शराफत हाय?" मलाही राग आला होता. शिकवा, मोठं करा, आणि ही पोरं आईबापाला विसरतात, असं मी शिक्षकांच्या खोलीत चढ्या आवाजात बोललो होतो. नसीमचं नाव घेऊन बोललो होतो, आज लाज वाटते.

नोव्हेंबरच्या शेवटी सातवीला ऋतूंचा धडा लिहून देत होतो. 'दक्षिण गोलार्धात डिसेंबर महिन्यात उन्हाळा असतो.' वीस वर्षं हेच वाक्य देतोय. त्या दिवशी खडू हातातच राहिला.

अरे गाढवा! मे महिन्यात रोज फळ्यावर 'कॅनबेरा बारा', 'कॅनबेरा नऊ' वाचत होतास की! तिथे माणसं स्वेटर घालून फिरत होती आणि तू इथे हमीदभाईंना तिथल्या उन्हाळ्याची वाट बघायला लावलीस?

वर्ग तसाच टाकून पळत गेलो. हमीदभाई जेवायला बसत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले, तिन्ही पत्रं आणून माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या पत्रात होतं, 'डिसेंबरची तिकिटं कधीच काढलीत. पण तुम्ही एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीत. आम्ही यायला नको असेल, तर नोव्हेंबरअखेर मी तिकिटं परत करते.'

नोव्हेंबरचे तीन दिवस उरले होते.

आम्ही नाक्यावरच्या फोनच्या बूथवर गेलो. वाटेत मी दहा वेळा म्हणालो, "तिला सांगा, चूक मास्तरांची आहे. मास्तरांनी मे सांगितला." त्यांनी मला फाडफाड बोलावं असं मला फार वाटत होतं. ते नुसते पुढे चालत राहिले.

फोन लागला. "नसीम? मी अब्बा... रडू नको गं. ऐक आधी. चूक माझी हाय. मी मेमध्ये वाट बघितली न् रागावलो... न्हाय, न्हाय, मास्तर तर पहिल्या दिवसापासून सांगत होते, त्यांचा उन्हाळा डिसेंबरात म्हणून. मीच अडाणी, ऐकलं न्हाय... हायत ना तिकिटं? मग ये. घर खायला उठतं मला, ये लवकर."

सूर्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना दोष देणारा हा माणूस! खरा दोषी बाजूला उभा होता, आणि त्याचं नाव घ्यायला तयार नाही. मी रिसीव्हर ओढायला हात पुढे केला. त्यांनी तो तळहातानं झाकला आणि माझ्यावर डाफरले, "गप बसा, मास्तर! तिकडच्या लोकांना ती सांगते, आमच्या सरांसारखं भूगोल कुणाला येत न्हाय. ते मी मोडू काय?"

आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"सर," नसीम अजून हुंदके देत होती, "अब्बांजवळ तुम्ही आहात ना, म्हणून मी इथे निर्धास्त असते."

मी "हो" म्हणालो.