हौसाबाईच्या अडल्या भलरीची हकीकत

श्रीस्वरदेवता प्रसन्न. बोलणाराची जीभ शाबूत राहो, ऐकणाराचे कान उघडे राहोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, एके राज्यी, ज्याचे नाव घेण्यात सोय नाही, वर्तमान जाहले ते ऐसे जे, वैजयंताबाई म्हणोन एक गाणारीण, मूळची शेतकऱ्याची लेक, राजधानीत राहात असे. बाईंनी जुनी लोकगीते घ्यावी, त्यांस यंत्राची घरघर, पितळी परातीचा आवाज आणि फाटक्या भात्याच्या पेटीचा सुस्कारा जोडावा आणि काही नवेच उभे करावे, ऐसा त्यांचा छंद. राजधानीची पोरे कानांत बोंडे घालोन ते ऐकत आणि माना डोलवीत. बाईंच्या मातुश्री हौसाबाई, या तरुणपणी भलरीच्या म्होरक्या. भलरी म्हणजे सुगीत कापणी करिताना बायामाणसे ओळीने पात, म्हणजे आपापल्या वाट्याचा पिकाचा पट्टा, धरोन जे गाणे म्हणतात ते. म्होरकीने ओळ टाकावी, बाकीच्यांनी झेलावी, आणि म्होरकीस ओळ न आठवली तर शेजारच्या पातीवरचीने ती उचलोन पुढे न्यावी, विळा थांबो देऊ नये, हा त्या मुलखाचा रिवाज. त्या हौसाबाईंस उतारवयात विस्मरणाने घेरिले. लेकीचे नाव गेले, जेवल्याची आठवण गेली, एक भलरी तेवढी राहिली, आणि मग तीही एके जागी अडो लागली. ‘दिस चढला कासराभर, पात भिडली बांधाला’ इथवर यावे आणि थांबावे. पुढली ओळ येईना. मग मांडीवर हात आपटावा, डावीउजवीकडे पाहावे, शेजारीण ओळ का देत नाही म्हणोन रडावे आणि पुन्हा पहिल्यापासोन धरावे. दिवसभर हेच. लेकीस पाहवेना. तिला ओळ ठाऊक नव्हती, कारण लहानपणीच मामाकडे शहरी शाळेस धाडिली होती. गावी जाऊन पुसिले, तो गावात आता कापणीस यंत्र येते, आणि त्या पातीवरच्या बाया कोणी देवाघरी गेलेल्या, कोणी लेकीसुनांमागे मुलूखभर पांगलेल्या.

मग बाईंनी मनसुबा केला की आल्बम करावा, त्यात आईचा आवाज घालावा, ओळ जेथे अडते तेथे अडो द्यावी, पुढे नुसता विळ्याचा खसखस आवाज ठेवावा आणि मुलूखभर सोडोन द्यावा. कोठे तरी कोणी शेजारीण ऐकेल आणि ओळ देईल. वेष्टनावर स्वच्छ लिहिले की, इथे गाणे अडले आहे, जिला येते तिने उचलावे, आई वाट पाहते. याहून उघडे काय लिहावे? परंतु राजधानीत त्र्यंबकपंत रसनवीस म्हणोन थोर असामी होते. राज्यात कोणास काय आवडावे हे ठरविणे त्यांजकडे. त्यांनी आल्बम ऐकिला, डोळे मिटिले, आणि मग लिहिले की, ही ओळ अडली नसोन त्यागिली आहे, हे मौन आजवरच्या सर्व गाण्यांस दिलेले उत्तर आहे. पंतांनी लिहिले आणि लहानमोठ्या सर्व परीक्षकांनी री ओढिली. कोणी त्या मौनास शेतकऱ्याचा आक्रोश म्हटले, कोणी शून्याचे दर्शन म्हटले, आणि एकाने तर ते पूर्वीच्या मौनांहून किंचित लांबले म्हणोन अर्धा गुण कापिला. रयतेने अंगठे आणि बदाम यांचा वर्षाव केला. एकीने लिहिले की हे ऐकोन आपण नोकरी सोडिली. दुसऱ्याने लिहिले की आपले मांजरदेखील गप्प जाहले. बाईंच्या मूळ मुलखातून मात्र शिव्या आल्या. ‘रेकार्डिंग तुटलंय का काय? आमचीच गाणी नेता आन् आम्हालाच अर्धी विकता?’ ऐसे पुसोन लोकांनी ती जागा बोटाने पुढे सरकवली. एक म्हणे फार खोल, एक म्हणे फार खोटे, आणि ओळ कोणीच देईना.

मग बाई जातीने पंतांच्या वाड्यावर गेल्या आणि म्हणाल्या, “पंत, ते मौनबिन काही नाही हो. आईला पुढचं आठवत नाही, एवढंच आहे. तुम्ही तेवढं लिहा, म्हणजे कुणीतरी सांगेल.” पंत हसले. म्हणाले, “वैजयंताबाई, आपण काय केलं हे कलावंताला कळत नसतं. ते सांगायला तर आम्ही आहोत.” आणि मग लगेच आमंत्रण दिले की, खाशा दरबारात गाणे करावे, मौनाचे समयी बाईंनी डोळे मिटोन स्थिर बसावे, सभेत कोणी खोकूदेखील नये ऐसा बंदोबस्त आम्ही ठेवू. बाईंनी विचार केला की दरबारास चहूकडली माणसे येतील, त्यांत कोणी ओळखीची निघेल. हे खरे. आणि हरभऱ्याच्या झाडावर चढविले असता खालची जमीन लहान दिसते, हेही खरे. बाई कबूल जाहल्या.

दरबार खच्चून भरला. लोक गाण्यास नव्हे, मौनास आले होते. बाई गायिल्या, मग हौसाबाईंचा मुद्रित आवाज उठला, पात बांधाला भिडली आणि गाणे थांबले. बाईंनी डोळे मिटिले. सभा श्वास कोंडोन बसली. इतक्यात मागल्या रांगेतून एक जाडा, म्हातारा, उन्हात रापलेला आवाज आला, “पानी पाजा गं...” आणि त्याजबरोबर अवघी सभा कडाडली, “शूऽऽ!” बाईंस वाटले, डोळे उघडावे, उठावे, धावावे. परंतु समोर पंत बसले होते, मौन रंगले होते, आणि बाईंच्या मनात आले की इतके थांबलो तर आणखी थोडके थांबू, मोडले तर सर्वच हसे होईल. ऐसा विचार करोन त्यांनी डोळे मिटलेले ठेविले. मग टाळ्या झाल्या. लोक रडत होते. बाई मंचावरोन उडी टाकोन दाराशी धावल्या आणि दरवानास पुसिले, “कोण होती ती? कुठं गेली?”

दरवान म्हणाला, “गोंधळ घालत होती बाई, काढली भायेर. म्हणती कशी, माझ्या जोडीदारणीचं गाणं अडलंय, मला का वढता? संगं जावई हुता, त्यो लाजला, गाडीत घालून घेऊन गेला.”

“नाव? गाव?”

“ते कशाला इचारू?”

बाईंनी रस्ते पाहिले, आल्बमखाली हाक लिहिली, पत्ता दिला. लोकांनी ती हाक नव्या आल्बमची जाहिरात समजोन तीसही बदाम दिले. म्हातारी मिळाली नाही. मग बाई घरी येऊन आईपुढे बसल्या. हौसाबाईंनी भलरी धरिली, पात बांधाला भिडली, आणि बाई हळूच म्हणाल्या, “पानी पाजा गं...”

हौसाबाईंचा मांडीवर पडणारा हात थांबला. तोंड उजळले. कित्येक महिन्यांनी ती माऊली हसली आणि म्हणाली, “हां गं! म्हन की म्होरं.” बाईंजवळ पुढे काही नव्हते. हौसाबाई वाट पाहात राहिल्या, मग हसू मावळले, आणि लेकीकडे परक्या बाईकडे पाहावे तैसे पाहोन म्हणाल्या, “येवढं येतंय तुला, मग मधीच पात टाकून कुठं गेली हुतीस?” आणि त्या दिवसापासोन त्यांनी भलरी धरिली नाही.

तात्पर्य इतकेच की, मौनास त्या वर्षीचा मानाचा शिरपाव मिळाला, पंतांचा लेख पाठशाळेत लागला, पोरे तो घोकतात. ऐकणारे अलोट जमले, ओळ देणारी एक आली, तीस दंडास धरोन बाहेर घातिले. घडले तैसे लिहिले असे.