तळ्यातल्या खुनाचा शेवटचा भाग

संध्याकाळच्या पेशंटांना थोडं संगीत ऐकवायचं, एवढंच डॉक्टरांनी ठरवलं होतं. त्यात कुणाचा खून होईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

डॉक्टर दातांचे. बायकोही दातांचीच डॉक्टर. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना. सकाळी खुर्ची तिची, संध्याकाळी यांची. सकाळचे पेशंट हसत आत जायचे आणि (जमेल तितपत) हसत बाहेर यायचे. संध्याकाळचे मात्र आतल्या मशीनचा आवाज कानावर पडला की हळूच उठायचे, चपला हातात घ्यायचे आणि पसार व्हायचे. मशीन तेच होतं. पण डॉक्टरांच्या हातात आलं की ते जरा जास्तच किंचाळायचं, हे डॉक्टरही खासगीत कबूल करत.

"आता पुरे झालं," बायको दुपारी म्हणाली. "आज संध्याकाळी माणसं पळाली, तर उद्यापासून दोन्ही वेळा मी बघते. तुम्ही काउंटरवर बसून नंबर पुकारा."

"मी? नंबर?"

"का? आवाज चांगला आहे तुमचा."

लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोने कौतुक केलं होतं, तेही अशा वेळी. डॉक्टर पेटून उठले. त्यांनी मोबाइल हातात घेतला. दवाखान्यातलं नेट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता, तेव्हा जे काय ऐकवायचं ते डाउनलोडच करून ठेवायचं, असा त्यांनी (स्वतःवरच खूश होऊन) निर्णय घेतला.

'शांत संगीत' असं शोधल्यावर सगळ्यात वर आला झुळझुळ वाहणारा झरा. तो उतरवून घेतला आणि पहिले पेशंट आल्याबरोबर बाहेरच्या स्पीकरवर लावला. थोड्याच वेळात दवाखान्याच्या इतिहासात प्रथमच रांग लागली. ती संडासाबाहेर होती.

झरा बंद करून डॉक्टर पुन्हा शोधाला लागले. एका पॉडकास्टच्या चित्रावर त्यांची नजर खिळली. धुकं, तळं आणि एक रिकामी होडी. आयुष्यभर एक्स-रे बघून निदान करणारा माणूस. त्यांनी चित्र बघितलं आणि निदान केलं: एकदम शांत. खालची माहिती वाचायची त्यांना गरज वाटली नाही. (पेशंटची तक्रारही ते पूर्ण ऐकून घेत नसत.) 'सगळे भाग डाउनलोड करा' वर बोट ठेवलं, स्क्रीनवरचा गोल भरेपर्यंत जागचे हलले नाहीत, मग पहिला भाग लावला, फोन काउंटरवर ठेवला आणि आत जाऊन हातमोजे चढवले.

बाहेर बासरी वाजू लागली. डॉक्टरांनी डोळे मिटून मान डोलावली. मग बासरी थांबली आणि एक भरदार आवाज म्हणाला, "तळ्यात प्रेत तरंगत होतं. त्याच्या तोंडात एकही दात शिल्लक नव्हता."

डॉक्टर धावत बाहेर आले. फोन बंद करायला त्यांनी बोट आपटलं, पण हातमोज्यातल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. काउंटरवर बायकोने कपाळाला हात लावला होता.

"अहो, हात काढा त्या फोनवरून!" रिटायर्ड बँक मॅनेजर ओरडले. "ऐकू द्या की!"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. एकही माणूस जागचा हलला नव्हता. आजवर न चुकता पळालेला जिममधला ट्रेनर, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तोसुद्धा खुर्चीच्या टोकावर आला होता. डॉक्टर विजयी मुद्रेने आत गेले आणि म्हणाले, "या, पहिला नंबर!"

"आधी तुम्ही जा," मॅनेजर म्हणाले.

"छे छे, तुम्ही मोठे," कपडे शिवणाऱ्या काकू म्हणाल्या.

मोठ्यांनी पैलवानाकडे पाहिलं, पैलवानाने छताकडे. डॉक्टर हातमोजे घालून ताटकळत बसले. बायको दारातून डोकावली. "माणसं थांबली खरी. खुर्ची मात्र रिकामीच."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला आणि तो बंद करायच्या घाईत कुणाचं तरी बोट लागून उचलला गेला. कथा बंद पडली आणि स्पीकरवरून आख्ख्या खोलीला ऐकू गेलं, "जावईबापू, आज तरी कुणी टिकलं का हो?"

खोलीत एकच हाहाकार उडाला. "अहो, ठेवा फोन! पोलीस दार ठोठावत होते!" काकू किंचाळल्या. आणि त्या क्षणी डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी बाहेर येऊन एक हातमोजा काढला, कॉल कट करून फोन कोटाच्या खिशात टाकला आणि जाहीर केलं, "एक पेशंट आत, की एक भाग बाहेर. पेशंट नाही तर खूनही नाही!"

मग काय विचारता! मॅनेजरांना मागून ढकलण्यात आलं, ते दाढ भरून घेऊन आले ते "कुणाला पकडलं?" असं विचारतच. काकूंना नुसते दात साफ करायचे होते, पण एक भाग जास्त मिळत असेल तर एखादा दात काढायलाही त्यांची हरकत नव्हती. पैलवानाने दाराची चौकट घट्ट धरली, तेव्हा काकूंनीच त्याला कानाला धरून आत आणलं. दार उघडं ठेवायच्या अटीवर त्याने तोंड उघडलं. बाहेर तळ्याकाठी पाठलाग चालू होता. तो ऐकता ऐकता त्याची दाढ कधी निघाली ते त्याला कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांचा ऊर भरून आला. ती दाढ चिमट्यात धरून ते बाहेर आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मानलं तुम्हाला," बायको मनापासून म्हणाली. "संध्याकाळची खुर्ची तुमचीच."

डॉक्टरांनी स्वतःहून सासूबाईंना फोन लावला आणि कुणी टिकलं ते सविस्तर सांगितलं. इकडे सगळ्यांचे दात झाले होते, पण घरी कुणीच गेलं नव्हतं. शेवटचा भाग राहिला होता.

"लावा आता," मॅनेजर म्हणाले.

"नियम म्हणजे नियम!" डॉक्टर आता आभाळात होते. "पेशंट आणा, भाग ऐका!"

लोक एकमेकांच्या तोंडात डोकावू लागले. सगळ्यांचं सगळं झालेलं. तेव्हा काउंटरवरून बायको शांतपणे म्हणाली, "एक आहे. डावीकडची खालची दाढ. वर्षभर लवंगेवर काढतोय बिचारा. खुर्ची बघितली की पाय कापतात."

"कोण? कोण?"

तिने नाव घेतलं नाही. पण डॉक्टरांचा हात आपोआप गालावर गेला होता, आणि तो सगळ्यांनी पाहिला.

"मला जरा बाहेर काम आठवलं..." म्हणत डॉक्टर मागच्या दाराकडे सरकले. पैलवानाने त्यांना अलगद उचललं, लहान मुलाला बसवावं तसं त्यांच्याच खुर्चीत बसवलं आणि खिशातला फोन काढून घेतला. बायकोने हातमोजे चढवले. "आ करा."

बाहेर शेवटचा भाग सुरू झाला, आत मशीन. डॉक्टर जिवाच्या आकांताने ओरडले, तशी दारावर थाप पडली.

"डॉक्टर, जरा हळू ओरडा हो! खुनी कबुली देतोय!"